युरोपातील निसर्गरम्य गोल्फ मैदाने : भूमी, मालकी आणि पर्यटकाचा प्रवेश

सारांश

युरोपातील अनेक गोल्फ मैदाने पर्यटन साहित्यात सौंदर्यस्थळे म्हणून दाखविली जातात. प्रस्तुत लेखात अशा निवडक मैदानांचा भौगोलिक व सामाजिक दृष्टीने परिचय करून दिला आहे. या मैदानांचे सौंदर्य मुख्यतः मूळ भूरूपाचे आहे. मात्र ते कोणाला पाहता येईल हे त्या भूमीच्या मालकीवर व प्रचलित कायद्यावर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज आणि आयर्लंडमधील ओल्ड हेड या दोन मैदानांची तुलना या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

बीजसंज्ञा : गोल्फ पर्यटन, लिंक्स भूमी, सामाईक जमीन, प्रवेशाचा हक्क, किनारी परिसंस्था.

प्रस्तावना

आपल्याकडील सहल संस्थांच्या युरोप दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत आयफेल मनोरा, रोममधील भग्नावशेष आणि स्वित्झर्लंडमधील हिमशिखरे यांना हमखास स्थान असते. गोल्फ मैदान त्यात क्वचितच आढळते. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, तो कुंपणाआड चालतो आणि ज्याला खेळता येत नाही त्याने तेथे जाण्याचे कारण नाही, अशी आपली समजूत आहे. भारतात ती बऱ्याच अंशी खरीही आहे. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जाणारा कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला. तेव्हापासून हा खेळ आपल्याकडे छावणी, क्लब आणि अधिकारी वर्ग यांच्याच वर्तुळात राहिला.

परंतु ज्या भूमीत हा खेळ जन्मला तेथील चित्र वेगळे आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील जगप्रसिद्ध मैदानावर रविवारी खेळ बंद असतो आणि गावातील माणसे आपली मुले व कुत्री घेऊन तेथे फिरावयास येतात. पर्यटन भूगोल शिकविताना ही वस्तुस्थिती सांगितली असता विद्यार्थ्यांचा तिच्यावर सहसा विश्वास बसत नाही. हा अविश्वास म्हणजेच प्रस्तुत लेखाचे निमित्त होय.

लेखाची उद्दिष्टे

१) युरोपातील निवडक निसर्गरम्य गोल्फ मैदानांचा भौगोलिक परिचय करून देणे.
२) मैदानाचे सौंदर्य आणि मूळ भूरूप यांतील संबंध स्पष्ट करणे.
३) भूमीची मालकी व कायदा यांचा पर्यटकाच्या प्रवेशावर होणारा परिणाम तपासणे.
४) गोल्फ न खेळणाऱ्या पर्यटकास ही स्थळे कशी पाहता येतील, याचे मार्गदर्शन करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीने लिहिला असून तो प्रकाशित इतिहास, कायदे आणि भूवर्णनपर साहित्य या दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. मैदानांची निवड करताना त्यांची क्रमवारी लक्षात घेतलेली नाही. किनारा, बेट, पर्वत आणि कोरडा दक्षिण प्रदेश या भूरूपांचे प्रतिनिधित्व हा निकष ठेवला आहे.

लिंक्स : एका भूरूपाचे नाव

गोल्फ मैदानाला इंग्रजीत सरसकट ‘लिंक्स’ म्हटले जाते. पण मूळ अर्थाने लिंक्स हे खेळाचे नव्हे, तर जमिनीचे नाव आहे. जुन्या इंग्रजीतील उंचवटा या अर्थाच्या शब्दापासून ते आले आहे. समुद्राची पुळण आणि आतील कसदार शेतजमीन यांच्या मध्ये असलेला वालुकामय, उंचसखल, गवताळ पट्टा म्हणजे लिंक्स.

या पट्ट्याची घडण समजून घेणे उद्बोधक आहे. हिमयुगात स्कॉटलंडची भूमी जाड हिमस्तराच्या भाराखाली दबलेली होती. बर्फ वितळल्यावर तो भार नाहीसा झाला आणि भूमी हळूहळू वर उचलली गेली. पूर्वीचे किनारे समुद्रसपाटीपासून उंच राहिले. नद्यांनी व लाटांनी आणलेली वाळू वाऱ्याने आत लोटली आणि तिच्या टेकड्या झाल्या. मॅरम नावाच्या खोल मुळांच्या गवताने ही वाळू धरून ठेवली; त्यामागे फेस्क्यूसारखी बारीक, चिवट गवते वाढली. कोकणात पुळणीमागील वाळू केतकीची बने जशी धरून ठेवतात तसेच हे कार्य होय.

अशी जमीन नांगरास निरुपयोगी असते. म्हणून गावकऱ्यांनी ती मेंढ्या चारण्यासाठी, ससे पकडण्यासाठी, कपडे व जाळी वाळविण्यासाठी राखली. मेंढ्यांनी व सशांनी गवत आखूड ठेवले. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेल्या खळग्यांतून पुढे वाळूचे बंकर निर्माण झाले, असे परंपरेने सांगितले जाते. वाळूतून पाणी त्वरित झिरपत असल्याने पावसाळी हवेतही पायाखाली चिखल होत नाही. थोडक्यात, प्रारंभीच्या मैदानांना आराखडाकार नव्हता. वारा, वाळू, गवत आणि जनावरे यांनी जे घडविले त्यावरच माणसे खेळू लागली.

हा खेळ किती लोकप्रिय होता याचा पुरावा बंदीच्या रूपाने मिळतो. १४५७ साली दुसऱ्या जेम्स राजाच्या काळातील स्कॉटिश संसदेने फुटबॉल व गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली. कारण त्यांच्यापायी लोक धनुर्विद्येच्या सरावाकडे दुर्लक्ष करीत होते. जो खेळ केवळ सरदारांपुरता असतो त्यावर सर्व प्रजेसाठी बंदी घालण्याची गरज पडत नाही.

सेंट अँड्र्यूज : गावाचे मैदान

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील सेंट अँड्र्यूज हे छोटे नगर प्राध्यापक वर्गास त्याच्या विद्यापीठामुळे ठाऊक असते. १४१३ साली मान्यता मिळालेले हे स्कॉटलंडमधील सर्वांत जुने विद्यापीठ होय. नगराच्या कडेलाच ‘ओल्ड कोर्स’ हे मैदान आहे. अठराव्या होलचे ग्रीन, म्हणजे चेंडू खळग्यात टाकण्याची गुळगुळीत हिरवळ, थेट घरांच्या व दुकानांच्या रांगेसमोर येते. पहिल्या व अठराव्या होलच्या मार्गाला छेदून एक सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो आणि त्यावरून माणसे व वाहने ये-जा करतात. मैदान आणि गाव यांत भिंत नाही.

सौंदर्याच्या रूढ कल्पनेने पाहिल्यास हे मैदान प्रथमदर्शनी निराश करते. येथे उंच वृक्ष नाहीत, तळी नाहीत, फुलांचे ताटवे नाहीत. दिसते ती तपकिरी-हिरव्या गवताची लाटांसारखी वरखाली होणारी जमीन, पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्स झुडपे, स्विल्कन नावाच्या ओढ्यावरील छोटा दगडी पूल, पलीकडे वेस्ट सँड्स ही लांबलचक पुळण आणि मागे जुन्या नगराचे मनोरे. सकाळच्या व सायंकाळच्या तिरप्या उन्हात मात्र जमिनीच्या प्रत्येक चढउताराची सावली पडते आणि या साध्या भूमीचे रूप पालटते.

मैदानाची रचनाही तिच्या इतिहासाची साक्ष देते. पूर्वी खेळाडू एकाच वाटेने जात व त्याच वाटेने परतत. १७६४ साली बावीस होलची फेरी अठरा होलची करण्यात आली आणि पुढे हीच संख्या सर्वत्र प्रमाण ठरली. जाण्यायेण्याची वाट एकच असल्याचा अवशेष म्हणून येथे आजही सात जोडग्रीन आहेत. दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा, अशा प्रत्येक जोडीतील क्रमांकांची बेरीज अठरा येते.

परंतु या मैदानाचा खरा इतिहास मालकीचा आहे. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी दिलेल्या सनदेत लिंक्सवर सशांची पैदास करण्याची परवानगी घेताना, तेथे गोल्फ, फुटबॉल व इतर खेळ खेळण्याचा, तसेच जनावरे चारण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य करण्यात आला. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर ही जमीन गावाचे गायरान होती आणि खेळ हा गायरानाच्या अनेक उपयोगांपैकी एक होता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस नगर परिषद कर्जबाजारी झाली आणि १७९७ साली तिने ही जमीन विकली. पुढे ती सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांच्या बिळांनी मैदानाची चाळण झाली. गोल्फ खेळणारे नागरिक व व्यापारी यांच्यात न्यायालयात आणि प्रत्यक्ष मैदानावरही दीर्घकाळ संघर्ष झाला. १८२१ साली जेम्स चीप या स्थानिक जमीनदाराने, जे स्वतः गोल्फ खेळत, ती जमीन विकत घेऊन मैदान वाचविले. अखेर १८९४ साली संसदेच्या कायद्याच्या आधारे नगराने आपली जमीन परत मिळविली. १९७४ च्या कायद्यानुसार स्थापन झालेला विश्वस्त न्यास आज तिची व्यवस्था पाहतो. ज्या रॉयल अँड एन्शंट क्लबची दगडी इमारत प्रत्येक छायाचित्रात मैदानाच्या टोकाशी दिसते, तो क्लब या मैदानाचा मालक नाही.

याचे परिणाम पर्यटकास प्रत्यक्ष अनुभवता येतात. न्यासाकडील सातही मैदाने सार्वजनिक आहेत. ओल्ड कोर्सवरील खेळाच्या काही वेळा दोन दिवस आधी चिठ्ठ्या काढून दिल्या जातात. परगावच्या खेळाडूसही ठरावीक अटी पूर्ण केल्यास त्यात नाव देता येते. प्रमुख स्पर्धांचे अपवाद वगळता रविवारी हे मैदान खेळासाठी बंद आणि फिरण्यासाठी खुले असते. भारतीय पर्यटकास आणखी एक गोष्ट रंजक वाटेल. शेजारीच १८६७ साली स्थापन झालेल्या महिला पटिंग क्लबची उंचसखल हिरवळ आहे. तिला ‘हिमालय’ असे नाव आहे. अल्प शुल्क भरून तेथे कोणासही, अगदी लहान मुलांसही, चेंडू ढकलण्याचा आनंद घेता येतो.

हे चित्र रंगविताना एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. भूमी सर्वांची असली तरी क्लब सर्वांचे नव्हते. रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा निर्णय २०१४ साली घेतला. एडिनबराजवळील म्युरफील्ड येथील क्लबने तसाच निर्णय घेण्यास २०१७ साल उजाडले.

ओल्ड हेड : बंद झालेले टोक

आयर्लंडच्या दक्षिणेस कॉर्क परगण्यात किन्सेल गावाजवळ ओल्ड हेड नावाचे भूशिर समुद्रात घुसलेले आहे. अरुंद मानेने मुख्य भूमीशी जोडलेल्या या भूशिराच्या तिन्ही बाजूंस उंच कडे आहेत. कड्यांच्या कपारींत समुद्रपक्ष्यांची वस्ती आहे आणि टोकाशी दीपगृह आहे. ७ मे १९१५ रोजी लुसिटानिया ही प्रवासी बोट जर्मन पाणबुडीने बुडविली ती याच टोकापासून काही मैलांवर.

१९९७ साली येथे खाजगी गोल्फ मैदान सुरू झाले. कड्याच्या अगदी कडेने जाणारे फेअरवे आणि खाली फेसाळणारा अटलांटिक यांमुळे त्याची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. दृश्याच्या भव्यतेत ते सेंट अँड्र्यूजपेक्षा निःसंशय सरस आहे. मात्र या टोकावर पूर्वी स्थानिक लोक मुक्तपणे फिरावयास जात. नियोजन यंत्रणेने परवानगी देताना जनतेच्या प्रवेशाची अट घातली होती. मालक कंपनीने तिला न्यायालयात आव्हान दिले आणि २००३ साली आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट अवैध ठरविली. त्यापूर्वी व त्यानंतरही नागरिकांनी प्रवेशासाठी आंदोलने केली. आज मैदानाच्या फाटकाबाहेरील जुन्या टेहळणी मनोऱ्यात लुसिटानियाचे संग्रहालय आहे. सामान्य पर्यटकास भूशिराचे दर्शन तेथूनच घ्यावे लागते.

योगायोग असा की, त्याच २००३ साली स्कॉटलंडच्या संसदेने जमीन सुधारणा कायदा संमत केला. त्यानुसार जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकास बहुतेक खाजगी जमिनीवरूनही पायी जाण्याचा हक्क मिळाला. गोल्फ मैदानाबाबत या हक्कास मर्यादा आहे. मैदान ओलांडून जाता येते, परंतु ग्रीनवर पाऊल ठेवता येत नाही आणि खेळात व्यत्यय आणता येत नाही. एकाच वर्षी दोन शेजारी देशांत एकाच प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे मिळाली. दोन्ही ठिकाणी समुद्र तोच, गवत तेच, खेळही तोच. फरक केवळ कायद्याचा.

उत्तर आयर्लंडचा किनारा

वरील दोन टोकांच्या मधली स्थिती उत्तर आयर्लंडमध्ये आढळते. न्यूकॅसल येथील रॉयल काउंटी डाउन हे १८८९ साली स्थापन झालेल्या क्लबचे मैदान मोर्न पर्वताच्या पायथ्याशी आहे. ८५० मीटर उंचीचे स्लीव डोनार्ड हे उत्तर आयर्लंडमधील सर्वोच्च शिखर येथून जणू समुद्रातूनच उभे राहिल्यासारखे भासते. वसंताच्या अखेरीस गॉर्सच्या पिवळ्या फुलांनी वाळूच्या टेकड्या झाकून जातात. मैदान क्लबचे असले तरी जवळच मरलॉ हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. त्याच किनाऱ्याच्या टेकड्या व तोच पर्वत तेथून पायी फिरत पाहता येतो.

उत्तर टोकाला रॉयल पोर्टरश येथे १९५१, २०१९ व २०२५ साली ओपन स्पर्धा झाल्या. येथील मुख्य मैदानाला जवळच्या पडक्या डनलूस किल्ल्याचे नाव दिले आहे. महाराष्ट्रातील भूगोलाच्या अभ्यासकास हा भाग विशेष जवळचा वाटेल. येथून थोड्याच अंतरावर जायंट्स कॉजवे हे बेसॉल्टच्या षट्कोनी स्तंभांचे जागतिक वारसास्थळ आहे. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर जे स्तंभ आपण पाहतो त्यांच्याच जातीचे हे स्तंभ आहेत. लाव्हा थंड होताना आकसून त्यास तडे जाण्याची प्रक्रिया दोन्हीकडे सारखीच घडली.

अ‍ॅस्करनिश : खेळ आणि चराई

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील साउथ उइस्ट या बेटावर १८९१ साली ओल्ड टॉम मॉरिस या नामवंत खेळाडूने, जो सेंट अँड्र्यूजचा मैदानपालही होता, अ‍ॅस्करनिश येथे एक मैदान आखले. कालांतराने त्याचा बराचसा भाग वापरातून गेला व विस्मरणात पडला. २००५ नंतर जाणकारांनी त्याच्या खुणा शोधल्या आणि २००८ साली ते पुन्हा खुले झाले. येथील जमिनीस ‘माखर’ म्हणतात. शंखशिंपल्यांच्या चुऱ्याने बनलेल्या वाळूवरील हे कुरण उन्हाळ्यात रानफुलांनी भरून जाते. फेअरवेवर गुरे चरतात आणि त्यांच्याच तोंडून गवताची निगा राखली जाते.

परंतु येथेही वाद टळला नाही. मैदानाच्या पुनरुज्जीवनामुळे आपले चराईचे परंपरागत हक्क धोक्यात येतील, अशी भीती तेथील काही लहान कूळ-शेतकऱ्यांनी व्यक्त केली व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. २००६ साली या बेटावरील जमीनदारी स्थानिक लोकांच्या संस्थेने खरेदी केली होती. म्हणजे वाद जमीनदार व प्रजा यांचा नव्हता. सामाईक भूमीचा कोणता उपयोग प्रथम, असा तो होता. गायरानावरील शाळा, पाण्याची टाकी वा स्मशानभूमी यांवरून आपल्या खेड्यांत होणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे अपरिचित वाटणार नाही.

आल्प्स आणि आर्क्टिक

किनाऱ्यावरून पर्वताकडे वळल्यास भूरूप व खेळ यांचा संबंध अधिकच स्पष्ट होतो. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात सुमारे १५०० मीटर उंचीवर क्रां-स्यूर-सिएर हे मैदान आहे. ऱ्होन नदीच्या दरीवरील या सज्जावजा पठारावरून पलीकडील हिमशिखरांची रांग दिसते. मूळ उन्हाळी कुरणांच्या या प्रदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश पर्यटकांबरोबर गोल्फ आला. १९३९ पासून स्विस खुल्या स्पर्धेचे हे स्थान आहे. आज ती स्पर्धा युरोपियन मास्टर्स या नावाने होते. उंचीवरील विरळ हवेत चेंडूस होणारा विरोध कमी असल्याने तो अधिक लांब जातो. हिवाळ्यात मैदान बर्फाखाली जाते आणि तेथे स्कीचा वावर सुरू होतो. एकच जमीन ऋतूनुसार दोन प्रकारच्या पर्यटनास उपयोगी पडते.

नॉर्वेच्या लोफोतेन द्वीपसमूहातील गिमसोया बेटावरील मैदान उत्तर ध्रुववृत्ताच्याही उत्तरेस आहे. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य मावळत नाही आणि मध्यरात्रीही खेळ चालतो. खडक, पांढरी वाळू आणि आडव्या किरणांचा सोनेरी प्रकाश हे तेथील वैभव होय.

दक्षिणेकडील हिरवळ व पाण्याचा प्रश्न

पोर्तुगालचा आल्गार्व्ह प्रांत व स्पेनचा दक्षिण किनारा येथील मैदानांचे स्वरूप मूलतः भिन्न आहे. फारो येथे १९६५ साली विमानतळ झाला आणि १९६६ साली हेन्री कॉटन या इंग्रज खेळाडूने आखलेले पेनिना हे आल्गार्व्हमधील पहिले मैदान सुरू झाले. भातखाचरांच्या दलदलीच्या त्या जमिनीतील पाणी शोषून घेण्यासाठी तेथे मोठ्या प्रमाणावर झाडे लावण्यात आली. पुढे मैदानांची संख्या झपाट्याने वाढली. तांबूस कडे, निळा समुद्र आणि छत्रीच्या आकाराचे पाइन वृक्ष यांमुळे हे दृश्य मोहक आहे. स्पेनमधील वाल्देरामा हे १९९७ च्या रायडर चषकाचे मैदान बुचाच्या ओक वृक्षांसाठी प्रसिद्ध आहे.

पण भूमध्य हवामानात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. म्हणजे पर्यटकांची गर्दी व पाण्याची टंचाई एकाच वेळी येतात. स्कॉटलंडमध्ये जे गवत पावसावर जगते त्यास येथे सिंचन लागते. २०२४ च्या आरंभी आल्गार्व्हमध्ये दुष्काळामुळे शेती व नागरी वापर या दोहोंसाठी पाणीकपात जाहीर करण्यात आली. मराठवाड्यातील वाचकास ‘पिकाला पाणी की हिरवळीला’ हा प्रश्न समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. स्पेनच्या अंदालुसिया प्रांताने २००८ च्या नियमांत गोल्फ मैदानांच्या सिंचनासाठी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची तरतूद केली, ती याच कारणाने.

सौंदर्याची किंमत

पाण्याखेरीज वाळूच्या टेकड्यांचाही प्रश्न आहे. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनच्या उत्तरेस मेनी येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीच्या मैदानास २००८ साली सरकारने मान्यता दिली व ते २०१२ साली सुरू झाले. तेथील फोव्हरन लिंक्स हा सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश वैज्ञानिक महत्त्वामुळे संरक्षित होता. वाळू स्थिर केल्याने त्याचे वैशिष्ट्य नष्ट झाल्याचे आढळून आल्यावर २०२० साली त्याचा संरक्षित दर्जा काढून घेण्यात आला. वाळूची टेकडी चालती असणे हेच तिचे जिवंतपण असते. तिला गवताने कायमचे बांधून टाकले की दृश्य उरते, प्रक्रिया संपते.

याच्या उलट, काही जुनी मैदाने समुद्रच गिळू लागला आहे. मॉन्ट्रोज येथे सोळाव्या शतकापासून गोल्फ खेळला जातो. तेथील किनारा गेल्या काही दशकांत सतत मागे हटत असून मैदानाची कड खचत आहे. हवामानबदलाने सागरपातळी वाढत असताना लिंक्स भूमीचे भवितव्य काय, हा प्रश्न आता केवळ खेळाडूंचा राहिलेला नाही.

पर्यटकासाठी काही सूचना

१) स्कॉटलंड व आयर्लंडसाठी मे ते सप्टेंबर हा काळ अनुकूल असतो. दिवस मोठा असल्याने सायंकाळी उशिरापर्यंत फिरता येते. वारा व अचानक येणारा पाऊस गृहीत धरून कपडे घ्यावेत. आल्गार्व्हसाठी वसंत वा शरद ऋतू निवडावा.
२) स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडसाठी ब्रिटनचा, तर आयर्लंड प्रजासत्ताकासाठी स्वतंत्र व्हिसा लागतो, काही प्रकारच्या व्हिसांना दोन्ही देशांत सवलत आहे, तिची चौकशी आधी करावी. स्वित्झर्लंड, पोर्तुगाल, स्पेन व नॉर्वे येथे शेंगेन व्हिसा चालतो.
३) सेंट अँड्र्यूजचा मुक्काम रविवारी येईल असा बेत आखावा, मात्र त्या दिवशी स्पर्धा नाही याची खात्री करून घ्यावी.
४) खेळ सुरू असताना मैदान ओलांडावयाचे झाल्यास थांबून, दोन्ही बाजूंस पाहून जावे. ‘फोर’ अशी आरोळी ऐकू आल्यास वर न पाहता डोके हातांनी झाकून खाली वाकावे. चेंडू आपल्या दिशेने येत असल्याची ती सूचना असते.
५) ग्रीन व बंकर यांत पाऊल टाकू नये.

निष्कर्ष

१) युरोपातील जुन्या गोल्फ मैदानांचे सौंदर्य हिम, वारा, वाळू व चराई यांच्या दीर्घ प्रक्रियेतून निर्माण झाले आहे, आराखडाकाराचा वाटा त्यात नंतरचा आहे.
२) निसर्गरम्यतेची मात्रा आणि प्रवेशाची सुलभता यांचा परस्परांशी संबंध नाही. प्रवेश हा मालकी व कायदा यांवर ठरतो, हे सेंट अँड्र्यूज व ओल्ड हेड यांच्या तुलनेतून दिसते.
३) सार्वजनिक मालकी आपोआप टिकत नाही. सेंट अँड्र्यूजने ती १७९७ साली गमावली होती आणि परत मिळविण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.
४) मूळ भूरूप व हवामान यांच्याशी विसंगत ठिकाणी हिरवळ निर्माण केल्यास तिचा भार पाणी व स्थानिक परिसंस्था यांवर पडतो.

समारोप

गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या तेरेखोल येथे काजूच्या बागांच्या जागी गोल्फ मैदान करण्याच्या प्रकल्पास ग्रामस्थांनी २०१५ च्या सुमारास केलेला विरोध अनेकांच्या स्मरणात असेल. अशा प्रसंगी चर्चा बहुधा ‘विकास हवा की नको’ या एकाच रुळावरून धावते. वरील विवेचनातून अधिक नेमके प्रश्न हाती लागतात. जमीन कोणाची राहणार? पायवाट खुली राहणार काय? पाणी कोठून येणार? आणि जे तेथे आधीपासून चरत, वेचत व फिरत होते त्यांचा हक्क कोठे नोंदविला जाणार? सेंट अँड्र्यूजच्या नागरिकांचा तो हक्क १५५२ च्या सनदेत लिहिलेला होता. जमीन विकली गेल्यानंतरही न्यायालयात भांडण्यास त्यांना तोच आधार झाला. पर्यटन व भूगोल शिकविणाऱ्या अध्यापकांनी निसर्गरम्य स्थळाचे वर्णन करताना त्या स्थळाच्या जमिनीचा उताराही विद्यार्थ्यांसमोर ठेवावा, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.